छत्तीस नंबरच्या तीन जागा

ती घटना आठवली की आजही कुणी दिलेला कागद मी लगेच वाचायला घेत नाही. देणाऱ्याने तो कुठल्या बाजूने धरला होता, ते आधी बघतो. घरातले हसतात. विजेचं बिल आलं तरी मी ते एकदा फिरवून बघतो, असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. ती थोडं वाढवून सांगते, पण अगदी खोटं नाही.

मी तंजावरचा. आमचं घराणं मराठी, माझी नोकरी तमिळनाडू पोलिसांत, आणि निवृत्त झालो तो निरीक्षक म्हणून. आयुष्यभर जबाब आणि पंचनामे तमिळमध्ये लिहिले. देवनागरीवर हात बसला तो निवृत्तीनंतर, पुण्यातल्या भाचीच्या धाकाने. शुद्धलेखन तिने तपासलं आहे. मतं माझी आहेत आणि या प्रकरणातला मूर्खपणाही माझाच आहे. नावं कुणाचीच देत नाही, कारण माणसं अजून याच गावात राहतात.

तेव्हा मी शहराच्या कडेच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी घेऊन मी नुकताच खुर्चीत बसलो होतो, तोच एक बाई आत आल्या. सत्तरीच्या, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि काखेत काचेची एक मोठी फ्रेम. मला वाटलं देवाची तसबीर चोरीला जाऊन परत मिळाली असेल. त्यांनी फ्रेम माझ्या टेबलावर उभी केली आणि आमच्या घरगुती मराठीत विचारलं, "तू अमक्याचा मुलगा नव्हे? तुझ्या बहिणीला मी गणित शिकविलें."

या बाई मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. बहीण त्यांना अजून घाबरते. मी उठून उभा राहिलो, कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, मागवली.

"कापी मागाहून. आधी हें पाहा. माझी जागा दुसऱ्याने घेतली."

फ्रेममध्ये देव नव्हता, नकाशा होता. चाळीसेक वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या भातशेतांवर पहिली 'नगरं' निघाली, तेव्हा छापलेला दोन रंगांचा नकाशा. वर ठळक अक्षरांत नगराचं नाव, खाली सहा ओळींत सहा-सहा असे छत्तीस प्लॉट. सगळ्यात वर 'मुख्य रस्ता'. मध्ये हिरव्या ठिपक्यांचं उद्यान, एका कडेला देऊळ, शाळा, बस थांबा, आणि पाण्याची टाकीसुद्धा. यातलं प्रत्यक्षात काहीच झालं नाही, ते वेगळं. डाव्या कोपऱ्यात एक मोर होता, उजव्या कोपऱ्यात आठ पाकळ्यांची चांदणी, आणि तिची वरची पाकळी काळी.

त्या काळी अशा नगराचा मालक लोकांना व्हॅनमध्ये बसवून शेतावर न्यायचा, केळीच्या पानावर जेवण घालायचा आणि प्लॉट ठरवणाऱ्याला एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे स्टीलचा, पेला द्यायचा. बाईंनी तो पेलाही पिशवीतून आणला होता, पुरावा म्हणून. त्यांनी छत्तीस नंबर घेतला होता, कारण ती ईशान्येची जागा. नकाशा काढणारा ड्राफ्ट्समन त्या दिवशी स्वतः तिथे होता, त्याने त्यांच्या डोळ्यांदेखत कोपऱ्याचा दगड ठोकला आणि शेजारी बाईंनी नारळाचं रोप लावलं. पुढे नोकरी, मुलांची शिक्षणं, नवऱ्याचं आजारपण, यात घर बांधायचं राहून गेलं. आता मुलगा परदेशी बोलावत होता आणि बाईंना जायचं नव्हतं. दोन खोल्या बांधून, माडाखाली खुर्ची टाकून उरलेले दिवस काढायचे, एवढंच त्यांच्या मनात होतं. पूजा करायला त्या भटजींना घेऊन गेल्या, तर त्यांच्या जागेवर दुसऱ्याच माणसाचं घर खिडक्यांच्या वरपर्यंत चढलेलं.

मी तक्रार घेतली आणि हवालदाराला बरोबर घेऊन निघालो. हा हवालदार पापनाशमकडच्या एका खेड्यातला, अंगाने आडवा, स्वभावाने गरीब. कामाला चोख, पण एक खोड होती. घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढायला सांगितला की कागदावर तो पश्चिम वर ठेवायचा. प्रशिक्षणात आम्हाला घोकून घेतलं होतं की उत्तर वर. चार वर्षं मी त्याला दर वेळी तो नकाशा परत काढायला लावत होतो आणि तो दर वेळी "सरी, अय्या", म्हणजे 'बरं, साहेब', म्हणून परत काढत होता. पुढच्या वेळी पुन्हा पश्चिम वर. मला वाटायचं, हा माझी परीक्षा बघतो.

जागा सापडायला अडचण नव्हती. उत्तरेच्या कडेने नवा बायपास गेला होता, त्यामुळे त्या ओसाड नगराला अचानक भाव आला होता. बहुतेक प्लॉट अजून रिकामेच होते, त्यात शेळ्या चरत होत्या. ईशान्येच्या कोपऱ्यात बांधकाम, शेजारी उंच माड, त्याच्या बुंध्याशी जुना काळा दगड. बाई म्हणाल्या तसंच सगळं.

घर बांधणारा माणूस आखातात पंधरा वर्षं ट्रक चालवून परत आलेला. मी त्याला दरडावायला सुरुवात केली, तर तो धावत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून दस्त घेऊन आला. प्लॉट नंबर सहा. उत्तरेला मुख्य रस्ता, पूर्वेला बाहेरचं शेत, पश्चिमेला पाच नंबर, दक्षिणेला बारा नंबर. छापील नकाशा काढून बघितला. चांदणीची काळी पाकळी म्हणजे उत्तर, ती वर; वरच मुख्य रस्ता, उजव्या कोपऱ्यात सहा नंबर. उत्तरेला बायपास समोर दिसत होता. त्याच्या खाजगी मोजणीदाराने याच नकाशावरून मोजून सिमेंटचे नवे दगड रोवले होते.

"अय्या, मी दुसऱ्याच्या जागेत वीटसुद्धा ठेवणार नाही," तो म्हणाला. "माझी दोन मुलं आहेत." मुलांचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण माणूस खोटं बोलत नव्हता, हे कळलं. खोटं बोलणारा इतक्या पटकन कागद दाखवत नाही.

मग बाईंचा दस्त वाचला. त्यात छत्तीस नंबरच्या उत्तरेला तीस, पश्चिमेला पस्तीस, पूर्वेला आणि दक्षिणेला बाहेरची शेतं. म्हणजे आग्नेयेचा कोपरा. मी तिकडे चालत गेलो. तिथे गुडघाभर पाणी, लव्हाळी आणि दोन म्हशी. बाईंनी चष्मा पुसून दस्त वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत त्यांनी सीमा वाचल्याच नव्हत्या. नकाशा फ्रेम करून पूजेच्या खोलीत लावला आणि दस्त ट्रंकेत ठेवला.

"म्हणजे मला दाखविलें एक आणि लिहून दिलें दुसरें," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या नकाशावाल्याने फसविलें मला."

मलाही तेच वाटलं. रस्त्याकडेची कोरडी जागा दाखवायची आणि कागदावर खड्डा नावावर करायचा, ही लबाडी जमिनीच्या धंद्याइतकीच जुनी आहे, आणि अशी पाच-सहा प्रकरणं मी स्वतः तपासली होती. नगराचा मालक केव्हाच वारला होता, त्याचं ऑफिसही बंद झालं होतं. उरला होता तो फक्त ड्राफ्ट्समन. आणखी एक कबूल करतो. बाई आपल्यातल्या, बहिणीच्या शिक्षिका, घरच्या भाषेत बोलणाऱ्या. माझं मन आधीच त्यांच्या बाजूला कललं होतं. मी गुन्हा नोंदवला.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कुणी तरी म्हणालं, त्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनच्या घरी दुसरा नकाशा आहे, लपवून ठेवलाय, मिळतो का बघा. हा बहुधा एखादा जमिनीचा दलाल असावा. अशी खबर देणाऱ्याचा स्वतःचा काही तरी मतलब असतो, पण म्हणून खबर खोटी ठरत नाही.

सकाळी दहाला मी जीप घेऊन गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कालव्यांच्या खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला. जुन्या गल्लीतलं घर, पुढे ओटा. दोन घरांमध्ये भिंतीवरून वाद झाला की गल्लीतले लोक याच ओट्यावर येऊन त्यांना मोजायची टेप धरायला सांगायचे, हे मला पुढे समजलं. त्या वेळी भाजीची हातगाडी दारात उभी होती आणि पाच-सात बायका निवडून घेत होत्या. तांदळाच्या पिंपामागे पत्र्याची लांब नळी सापडली. तिच्यात मेणकापडावर शाईने काढलेला मूळ नकाशा. त्यावर चांदणी नव्हती, मोरही नव्हता. वरच्या कडेला दोन निळ्या रेघा आणि एक निळा बाण होता, वरून खाली जाणारा.

"हा लपवून का ठेवला?"

"लपवला नाही, सार. झुरळं खातात."

मी त्यांना जीपमध्ये बसवलं. बायका भाजी हातात घेऊन बघत राहिल्या. त्यांची पत्नी दारात उभी होती, तिने फक्त विचारलं, "जेवायला येतील ना?" मी जीप सुरू करायला सांगितली.

दोन दिवस मी त्यांना चौकशीसाठी सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. स्टेशन डायरीत वेळा नोंदवल्या, दुपारी घरून आलेला दहीभात खाऊ दिला, कायद्याने सगळं बरोबर केलं. पण चौकशी पुढे सरकेना. मी मूळ नकाशा त्यांच्यासमोर सरळ ठेवायचो, ते बोटाने तो पाव फेरा फिरवायचे. मी पुन्हा सरळ करायचो. ते पुन्हा फिरवायचे. मला वाटलं, एक तर यांची नजर गेली आहे, नाही तर हे माझी खोडी काढत आहेत.

"यात उत्तर कुठे आहे ते दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी हात वर करून ठाण्याच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे वाँटेड गुन्हेगारांचे फोटो होते.

"कागदावर दाखवा."

"कागदावर कशाला शोधता, सार? उत्तर तिकडे आहे."

मी टेबलावर हात आपटला. कापीचा पेला कलंडला आणि बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. म्हातारबुवा मात्र शांत. "तुम्ही मला जागेवर न्या," एवढंच ते परत परत म्हणत होते. आरोपी जागेवर न्या म्हणतो तेव्हा त्याला काही तरी नाटक करायचं असतं, असा माझा अनुभव. मी नेलं नाही.

संध्याकाळी ते गेल्यावर मी दोन्ही नकाशे घेऊन बसलो. मूळ नकाशावरचा निळा बाण खाली होता. बाण म्हणजे उत्तर, असं धरलं तर नकाशा उलटा वाचायचा. तसा वाचला तर छत्तीस नंबर वायव्येला गेला. म्हणजे बाईंच्या डोळ्यांनी बघितलेली जागा ईशान्येला, दस्तातली आग्नेयेला आणि मूळ नकाशातली वायव्येला. एका प्लॉटच्या तीन जागा. शेत जवळजवळ चौरस, त्यामुळे कसाही फिरवला तरी नकाशा त्यात बसतच होता. तालुक्याच्या मोजणीत सगळं नगर अजून एकच शेत म्हणून दिसत होतं, तिथून काही कळणार नव्हतं. माझ्या डोक्याचा भुगा झाला. गुन्हा कुणी केला ते सोडा, गुन्हा नेमका कोणता झाला आहे, हेच मला सांगता येईना. फसवणाऱ्याने एक खोटा कागद करावा. इथे कागद खरे होते, माणसं खरी वाटत होती आणि जमीन तेवढी खोटी बोलत होती.

अशा वेळी पोलीस अधिकारी काय करतो ते सांगतो. तो अटक करतो. अटक केली की आपण काही तरी केलं असं वाटतं. दोन नकाशे सापडले, एक दाखवायचा आणि एक लिहायचा, असं मी मनाशी जुळवून घेतलं आणि सोमवारी त्या म्हाताऱ्याला अटक करून कोर्टापुढे उभं करायचं ठरवलं. शनिवारी दुपारी मी कागद लावायला बसलो.

गुन्ह्याच्या कागदांत हवालदाराचा कच्चा नकाशा होता. उघडून बघतो तर पुन्हा पश्चिम वर. मी त्याला हाक मारली आणि चार वर्षांचा राग त्याच्यावर काढला.

"किती वेळा सांगायचं? वर काय असतं?"

त्याने मान खाली घातली. "अय्या, पाणी येतं ती बाजू वर असते."

"काय?"

"आमच्या गावात तसंच, अय्या. कालव्याचं पाणी पश्चिमेकडून येतं, पूर्वेकडे उतरतं. पाणी येतं ते वर, जातं ते खाली. शेत सांगताना, घर सांगताना, सगळे तसंच सांगतात. मी लिहायला लागलो की हात आपोआप तसाच जातो. तुम्ही सांगितलं की परत काढतो."

माझ्या टेबलावर तेव्हा दोन कागद शेजारी शेजारी होते. हवालदाराच्या नकाशात वर जुना कालवा, उजव्या बाजूला बायपास, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात माड. मेणकापडावरच्या नकाशात खालच्या उजव्या कोपऱ्यात छत्तीस. मी बोट एका कागदाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्याच्या कोपऱ्यावर नेलं. मग हवालदाराला विचारलं, "हा निळा बाण कसला असेल?"

त्याने वाकून बघितलं. "पाण्याचा, अय्या. दुसरा कसला असणार?"

तो इतक्या सहज बोलला की मला त्याचा पुन्हा राग आला, आणि लगेच स्वतःचा. कालव्यांच्या खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाने कागदावर आधी पाणी काढलं होतं. वरच्या दोन निळ्या रेघांना मी रस्त्याच्या कडा समजत होतो, तो कालवा होता. त्याच्या बांधावरचा रस्ता हाच त्या काळचा मुख्य रस्ता, पश्चिमेचा. पुढे नगरं वाढली, कालवा सुकला, बांधावर बाभळी माजल्या. मग बरोबर उत्तरेला बायपास आला आणि नकाशातल्या वरच्या रस्त्याला चुकीचा जोडीदार मिळाला.

मी म्हातारबुवांना आणायला माणूस पाठवला आणि त्यांना थेट जागेवर नेलं. बाई आणि ट्रकवालाही आले. म्हातारबुवा जीपमधून उतरले, बाभळींकडे चालत गेले आणि काठीने पालापाचोळा दूर केला. खाली पाणी सोडायच्या दाराची दगडी चौकट निघाली. तिच्याकडे नकाशाचं वरचं टोक करून त्यांनी मेणकापड जमिनीवर पसरलं. चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. नकाशा आणि जमीन आता एकाच बाजूला तोंड करून होते, आणि छत्तीस नंबर माडाखाली होता.

"पण दगड नंतर कुणी हलवला नाही कशावरून?" मी विचारलं. संशय हा आमच्या धंद्याचा भाग आहे, आणि चूक कळली तरी तो लगेच सुटत नाही.

"खणा," ते म्हणाले.

हवालदाराने कुदळ मारली. दगड निघाला. त्याखाली हातभर खोल कोळशाचे आणि फुटक्या खापरांचे तुकडे निघाले.

"दगड लोक हलवतात, सार. कोळसा कुणाला ठाऊक नसतो. तो कुजत नाही. प्रत्येक दगडाखाली मी घातलाय."

आणखी तीन दगडांखाली खणलं. तीनही ठिकाणी कोळसा होता. पंचांसमक्ष पंचनामा केला.

"मग ही चांदणी?" मी छापील नकाशा पुढे केला. "हिची काळी पाकळी वर आहे. सगळे त्याला उत्तर समजले. दस्त लिहिणाऱ्यानेही यावरूनच सीमा लिहिल्या."

म्हातारबुवांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला. "छापखान्यात घातली असेल. मालक म्हणायचा, दुसऱ्या नगराच्या नकाशावर आहे, आपल्यावर पाहिजे. इकडच्या कोपऱ्यात मोर होता, तिकडे चांदणी. मला वाटलं, शोभेला आहे." मग म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं."

त्यांच्या आवाजातलं ते वाक्य मला सहन झालं नाही. चाळीस वर्षांत अनेकांच्या हातातून तो कागद गेला. मालक, छापखाना, दस्तलेखक, मोजणीदार, आणि शेवटी मी. विचारायला पाहिजे होतं असं म्हणणारा एकच निघाला, आणि त्यालाच मी सोमवारी कोर्टात उभा करणार होतो.

पुढचं थोडक्यात. गुन्हा मी 'वस्तुस्थितीची चूक' म्हणून बंद करायला पाठवला. जमीन कुणाची हे ठरवणं पोलिसांचं काम नाही, म्हणून प्रकरण महसूल अधिकाऱ्यांपुढे गेलं आणि प्लॉटवाल्यांनी एकमेकांना दुरुस्तीचे दस्त करून दिले. ट्रकवाल्याचं घर पाडावं असं बाईंना वाटेना. त्याची खरी सहा नंबरची जागा वायव्येला, तीही बायपासला लागूनच होती. बाईंनी ती घेतली, एका अटीवर.

"माड तुझ्या अंगणात राहील, नारळ माझे," त्यांनी ट्रकवाल्याला तमिळमध्ये बजावलं. मग माझ्याकडे वळून आपल्या मराठीत म्हणाल्या, "आणि नारळांचा पहिला घड त्या नकाशावाल्यांच्या घरीं जाईल. मी त्यांना चोर म्हटलें. तुझ्यामुळें नव्हे, माझ्या तोंडाने म्हटलें."

त्यांनी आपला हिशेब असा चुकता केला. माझा राहिला होता.

त्या शनिवारी जागेवरून परतल्यावर मी म्हातारबुवांना ठाण्यात खुर्ची दिली, कापी दिली आणि त्यांच्यासमोर उभा राहून माफी मागितली. नोकरीत मी फार वेळा माफी मागितलेली नाही, त्यामुळे ती नीट जमली नाही. घरी सोडायला मी रिक्षा बोलावली. त्यांनी मान हलवली.

"रिक्षा नको, सार."

"मग?"

"तुम्ही मला सकाळी दहाला नेलंत. भाजीची गाडी दारात होती. सोमवारी सकाळी दहाला तुमच्याच जीपमधून सोडा."

आज मी पायी जाईन, असं म्हणून ते काठी टेकत निघाले. मी हवालदाराला मागून थोडं अंतर ठेवून चालायला सांगितलं. सोमवारी सकाळी ते स्वतःच ठाण्यात आले. मी पूर्ण गणवेश घातला होता, टोपीसुद्धा. जीप त्यांच्या दारापाशी थांबवली, उतरून त्यांच्या बाजूचं दार मी स्वतः उघडलं. भाजीची गाडी होती. त्याच बायका होत्या. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन थांबवून बघत होता.

ते ओट्यावर बसले, मला शेजारी बसायला लावलं. त्यांची पत्नी दोन पेले घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता माझा पेला माझ्या हाताशी ठेवला. शेवटी भाजीवाल्याने न राहवून विचारलं, "अण्णा, पोलिसांनी कशाला नेलं होतं?"

मी पेला खाली ठेवला. मी उत्तर ठरवून आलो होतो. माझी चूक झाली, यांचा काही दोष नव्हता, असं सगळ्यांदेखत सांगायचं. मी तोंड उघडायच्या आधीच म्हातारबुवा बोलले.

"साहेबांना एक नकाशा समजत नव्हता," ते म्हणाले. "समजावून द्यायला गेलो होतो."

बायका पुन्हा भाजी निवडायला लागल्या. शिंप्याचं मशीन सुरू झालं. मी त्यांचं नाव परत द्यायला गेलो होतो, आणि त्यांनी एका वाक्यात माझीच अब्रू झाकून घेतली. मी पुन्हा एकदा "चूक माझी होती" म्हणालो, पण ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं असेल. त्यांनी माझा पेला उचलून परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "प्या. गार होतेय."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. समोरचा माणूस कागद फिरवत असेल तर तो सरळ करू नका. तो का फिरवतो, ते विचारा. दोन दिवस ते बोटाने मला उत्तर देत होते आणि दोन दिवस मी ते पुन्हा पुन्हा सरळ करत होतो. हवालदाराला मी परत कधी नकाशा दुसऱ्यांदा काढायला लावला नाही. त्याच्या कागदावर पश्चिम वर असते, हे मी कागदाच्या खाली लिहून ठेवायचो आणि सही करायचो.